विश्लेषण : व्यावसायिक मालमत्तांचे काम करणाऱ्या छोट्या लॉ फर्ममध्ये करिअर कसे घडते?

कायद्याची पदवी हातात आली की बहुतेकांना दोनच रस्ते दिसतात. एक, जिल्हा किंवा उच्च न्यायालयात एखाद्या सीनियरच्या चेंबरमध्ये उमेदवारी. दुसरा, मुंबईतील नामांकित कॉर्पोरेट फर्म. मात्र मुंबई, पुणे, ठाणे, नाशिक, नागपूर अशा शहरांत तिसरा रस्ताही आहे. चार-पाच ते दहा-बारा वकिलांच्या छोट्या फर्म दुकाने, कार्यालये, गोदामे आणि औद्योगिक भूखंडांचे व्यवहार सांभाळतात. त्यांची नावे बातम्यांत क्वचितच येतात. पण शहरातील कोट्यवधींचे व्यवहार त्यांच्या अहवालावर आणि मसुद्यावर उभे असतात. या रस्त्याने जाणाऱ्या तरुण वकिलाला काय शिकायला मिळते, किती पैसे मिळतात, जोखीम कोणती आणि पुढे वाट कुठे जाते, याचा हा आढावा.

या फर्म नेमके काय काम करतात?

ढोबळमानाने चार प्रकारची कामे असतात. पहिले, टायटल तपासणे, म्हणजे विकणारा किंवा भाड्याने देणारा खरोखर मालक आहे का आणि मालमत्तेवर कोणाचा बोजा आहे का, हे पाहणे. दुसरे, मसुदे तयार करणे. यात साठेखत, खरेदीखत, भाडेपट्टा, लिव्ह अँड लायसन्स, विकसन करारनामा, गहाणखत असे दस्त येतात. तिसरे, मुद्रांक शुल्क भरून दस्ताची दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदणी करून घेणे. चौथे, वाद उभा राहिलाच तर नोटीस, लवाद किंवा दावा.

पक्षकारही नाना तऱ्हेचे असतात. गाळा घेणारा किराणा व्यापारी, क्लिनिक थाटणारा डॉक्टर, शोरूम उघडणारी साखळी, कर्ज देणारी बँक, एमआयडीसीतील कारखानदार. मोठ्या फर्ममध्ये ज्युनियरकडे प्रचंड व्यवहाराचा एक छोटा तुकडा येतो. छोट्या फर्ममध्ये व्यवहार लहान असतो, पण पहिल्या बैठकीपासून चावी हातात पडेपर्यंत तो पूर्ण पाहायला मिळतो. या रस्त्याचे हेच मुख्य आकर्षण आहे.

सुरुवात कशी होते?

बारावीनंतर पाच वर्षांचा किंवा पदवीनंतर तीन वर्षांचा एलएलबी, मग राज्याच्या बार कौन्सिलची सनद आणि ऑल इंडिया बार एक्झामिनेशन (एआयबीई), हे ठरलेले टप्पे. महाराष्ट्रात सनद बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवा देते. नोंदणीच्या नावाखाली हजारो रुपये आकारण्याच्या प्रथेला सर्वोच्च न्यायालयाने ३० जुलै २०२४ च्या निकालात चाप लावला. अॅडव्होकेट्स कायदा १९६१ मध्ये लिहिलेल्या रकमेपेक्षा जास्त शुल्क बार कौन्सिलला घेता येणार नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. ही रक्कम खुल्या प्रवर्गासाठी ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ रुपये आहे.

छोट्या फर्ममध्ये प्रवेश बहुधा इंटर्नशिपमधून होतो. कॅम्पस मुलाखती, लेखी चाचणी असे प्रकार कमी. शिकत असताना सुट्टीत महिनाभर काम केलेल्या विद्यार्थ्याला सनद मिळाल्यावर बोलावले जाते. दस्त नीट वाचता येतो का, तारखा आणि गट क्रमांक बिनचूक टिपतो का, निबंधक कार्यालयात पाठवले तर काम करून परत येतो का, याकडे सीनियरचे लक्ष असते. आणखी एक गोष्ट इथे फार मोलाची ठरते, ती म्हणजे चांगले मराठी. जुने फेरफार, खरेदीखते, वाटणीपत्रे मराठीत असतात. त्यातली काही मोडी लिपीत निघतात आणि तिथे मोडी वाचणाऱ्याची मदत घ्यावी लागते. इंग्रजी माध्यमातून आलेल्या हुशार ज्युनियरलाही 'हक्कसोड', 'अपाक', 'एकुम्या', 'पोटखराबा' हे शब्द शिकावेच लागतात.

ही नोकरी असते का?

कायद्याच्या भाषेत नसते, आणि हे आधीच समजून घेतलेले बरे. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम ४९ नुसार वकिली करणाऱ्या व्यक्तीला कोणाचाही पूर्णवेळ पगारी कर्मचारी राहता येत नाही. म्हणून फर्ममधील असोसिएटला सहसा पगार न देता दरमहा व्यावसायिक शुल्क दिले जाते. त्याला 'रिटेनर' म्हणतात. ठरावीक मर्यादेपुढे त्यावर १० टक्के टीडीएस कापला जातो आणि विवरणपत्र व्यावसायिक म्हणून भरावे लागते.

याचा व्यवहारातील अर्थ असा की भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, प्रसूती रजा यांचे कर्मचाऱ्यांना मिळणारे संरक्षण बहुतेक वेळा लागू होत नाही. रजा, नोटीस कालावधी, आजारपणातील रक्कम हे सगळे फर्म आणि असोसिएट यांच्यातील समजुतीवर चालते. ती समजूत तोंडी असेल तर अडचणीच्या दिवशी दाखवायला काहीच नसते. दुसऱ्यांचे करार लिहून देणाऱ्या ज्युनियरकडे स्वतःच्या कामाचे एक पत्रही नाही, हे चित्र या क्षेत्रात नवे नाही.

रकमेबाबत एकच अधिकृत आधार आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने एक परिपत्रक काढले. ज्युनियर वकिलांना शहरी भागात दरमहा किमान २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार रुपये द्यावेत, अशी शिफारस त्यात आहे. पण ती शिफारसच आहे, सक्ती नाही. प्रत्यक्षात मिळणारी रक्कम शहर, फर्म आणि सीनियरची वृत्ती यांवर ठरते. पहिली दोन-तीन वर्षे घरचा आधार असलेल्याला सोपी जातात आणि गावाकडून येऊन शहरात खोली घेऊन राहणाऱ्याला अवघड. गुणवान मुले-मुली याच टप्प्यावर हे क्षेत्र सोडून कंपनीच्या नोकरीकडे वळतात.

पहिली दोन वर्षे 'सर्च'मध्ये का जातात?

कारण मालमत्तेच्या वकिलीचा पाया तिथे आहे. साधारण ३० वर्षांचा सर्च घेण्याची पद्धत आहे. त्या काळात मालमत्तेवर कोणकोणते दस्त नोंदले गेले, हे सूची क्रमांक २ म्हणजे 'इंडेक्स टू'मधून पाहिले जाते. अलीकडच्या नोंदी नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-सर्च सुविधेवर घरबसल्या दिसतात. जुन्यासाठी कार्यालयातली रजिस्टरे चाळावी लागतात. काही पाने फाटलेली, काही वाळवीने खाल्लेली असतात. अशा वेळी अहवालात तसे स्पष्ट नमूद करायचे असते. 'काही आढळले नाही' आणि 'पाने उपलब्ध नव्हती' यांतला फरक न कळणारा ज्युनियर फर्मला अडचणीत आणू शकतो.

त्यानंतर सात-बारा, फेरफार, शहरी भागात मिळकत पत्रिका, मोजणी नकाशा, बिनशेती आदेश, बांधकाम परवानगी आणि भोगवटा प्रमाणपत्र अशी साखळी जुळवली जाते. सात-बारावर नाव आहे म्हणजे मालकी सिद्ध झाली, असे नसते. महसुली नोंद खरी असल्याचे गृहीत धरले जाते, पण विरुद्ध पुरावा आला की ते गृहीतक कोसळते. म्हणून नाव कोणत्या फेरफाराने आणि कोणत्या दस्ताच्या आधारे लागले, इथपर्यंत मागे जावे लागते.

याच टप्प्यावर ज्युनियरची नजर तयार होते. काही नेहमीच्या जागा अशा :

• वारस नोंदीत फक्त मुलांची नावे आहेत, मुलींची नाहीत. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला जन्मतः हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये विनीता शर्मा प्रकरणात स्पष्ट केले. महाराष्ट्राने असा हक्क १९९४ मध्येच काही अटींसह दिला होता. तेव्हा बहिणींचे हक्कसोडपत्र आहे का, हा प्रश्न विचारावाच लागतो.

• अज्ञान मुलाचा हिस्सा न्यायालयाच्या परवानगीशिवाय विकला गेला आहे. सज्ञान झाल्यावर तो व्यवहार रद्द करून मागण्याचा मार्ग त्याच्यासाठी खुला असतो.

• जमीन भोगवटादार वर्ग-२ ची आहे किंवा 'इतर हक्क' रकान्यात कुळाची नोंद आहे. अशा वेळी सक्षम अधिकाऱ्याची परवानगी न घेता झालेला व्यवहार अडचणीत येतो.

• खरेदीखत नाही, फक्त कुलमुखत्यारपत्र आणि पैसे दिल्याची पावती आहे. अशा कागदांनी मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या सूरज लॅम्प निकालात बजावले आहे.

• मूळ दस्त मालकाकडे नाहीत. ते बँकेत ठेवून कर्ज काढलेले असू शकते. अशा गहाणाची सूचना दाखल करणे महाराष्ट्रात २०१३ पासून बंधनकारक झाले. त्याआधीचे गहाण सूचीत दिसेलच असे नाही. म्हणून मूळ कागद डोळ्यांनी पाहणे आणि वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देणे टाळता येत नाही.

औद्योगिक भूखंडांची तऱ्हा आणखी वेगळी. एमआयडीसीचे भूखंड साधारणपणे ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर असतात. कारखानदार स्वतःला मालक म्हणवतो, पण शेड पोटभाड्याने द्यायची किंवा हस्तांतरित करायची तर महामंडळाची संमती आणि शुल्क लागते. नवी मुंबईत सिडकोच्या भाडेपट्ट्यांबाबतही असाच विचार करावा लागतो. दक्षिण मुंबईतील जुन्या दुकानांत पागडीचा प्रश्न येतो. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने पागडीच्या देवघेवीला कायदेशीर मान्यता दिली असली, तरी घरमालकाच्या संमतीचा कागद नसेल तर खरेदीदाराचा पैसा धोक्यात असतो.

भाडेकरारात एवढे काय असते?

घरगुती लिव्ह अँड लायसन्सचे काम आता मोठ्या प्रमाणावर ऑनलाइन नोंदणी करून देणाऱ्या एजंटांकडे गेले आहे. ठरलेला नमुना, आधार पडताळणी, की काम झाले. व्यावसायिक जागेचा करार मात्र असा उरकता येत नाही. छोट्या फर्मचे उत्पन्न आणि नाव इथे बनते.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. '११ महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही' हा समज त्यामुळे महाराष्ट्रात चालत नाही. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. त्याच कायद्याचे कलम ३ सांगते की बँका आणि एक कोटी किंवा त्याहून अधिक भरणा झालेले भागभांडवल असलेल्या कंपन्या भाडेकरू असतील, तर त्यांना या कायद्याचे संरक्षण नाही. म्हणजे समोरच्या कंपनीचे भागभांडवल किती, या एका आकड्याने वाद कोणत्या कायद्याखाली जाईल ते बदलते. हा आकडा करारापूर्वी तपासणे ज्युनियरचे काम असते.

मुद्रांक शुल्काचा हिशेबही असाच. महाराष्ट्रात ६० महिन्यांपर्यंतच्या लिव्ह अँड लायसन्सवर ०.२५ टक्के शुल्क लागते. समजा, शोरूमचे भाडे दरमहा दोन लाख, परतावा अनामत १२ लाख आणि मुदत ६० महिने. भाडे झाले एक कोटी २० लाख. अनामतीवर वार्षिक १० टक्के दराने पाच वर्षांचे मानीव व्याज सहा लाख. एकूण एक कोटी २६ लाखांवर शुल्क होते ३१ हजार ५०० रुपये.

मुदत ६० महिन्यांच्या पुढे गेली की हाच करार शुल्कासाठी भाडेपट्ट्यासारखा धरला जातो. पाच ते दहा वर्षांच्या मुदतीसाठी मालमत्तेच्या बाजारमूल्याच्या २५ टक्के रकमेवर खरेदीखताच्या दराने आकारणी होते. शोरूमचे बाजारमूल्य चार कोटी धरले तर एक कोटीवर शुल्क लागेल. दर पाच टक्के धरला, तरी ते पाच लाख होते आणि शहरानुसार अधिभार वेगळा. मुदतीच्या एका ओळीने खर्च १५ पटींहून अधिक वाढतो. नूतनीकरणाचा पर्याय कोणत्या शब्दांत लिहिला आहे, यावरही हा हिशेब हलू शकतो. पक्षकाराला हे सही होण्यापूर्वी सांगणारा वकील पुढच्या गाळ्याच्या वेळी पुन्हा आठवतो.

कोणत्या कलमांवर खरी ओढाताण होते?

पहिले 'लॉक-इन'. ठरावीक काळ जागा सोडायची नाही, सोडल्यास उरलेल्या मुदतीचे भाडे द्यायचे, अशी अट असते. घरमालकाला हे उत्पन्नाची हमी वाटते आणि नव्या व्यावसायिकाला गळफास. करारात रक्कम लिहिली असली, तरी भारतीय करार कायद्याच्या कलम ७४ नुसार न्यायालय वाजवी भरपाईचाच विचार करते. त्यामुळे शब्दरचना महत्त्वाची ठरते.

दुसरे, भाडेमुक्त काळ. अंतर्गत सजावट सुरू असताना भाडे सुरू होणार की नाही? तिसरे, देखभाल खर्च आणि क्षेत्रफळ. भाडे चटई क्षेत्रावर की त्याहून मोठ्या 'बिल्ट-अप' आकड्यावर? चौथे, जीएसटी. व्यावसायिक भाड्यावर १८ टक्के कर आहे आणि १० ऑक्टोबर २०२४ पासून घरमालक जीएसटी नोंदणीकृत नसेल, तर सर्वसाधारणपणे नोंदणीकृत भाडेकरूनेच तो भरायचा आहे. करार त्यावर गप्प असेल तर वाद ठरलेला. पाचवे, परवानग्या. भोगवटा प्रमाणपत्र, अग्निशमन यंत्रणा, उपाहारगृहासाठी धुराडे लावण्याची सोसायटीची संमती यांपैकी एकही गोष्ट राहिली तर भाडे सुरू आणि धंदा बंद, अशी वेळ येते.

या वाटाघाटींत ज्युनियरला आधी ऐकायला आणि मग बोलायला मिळते. छोट्या फर्ममध्ये दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच समोरच्या बाजूच्या अनुभवी वकिलाशी मसुद्यावर चर्चा करण्याची वेळ येते. कोणता मुद्दा धरायचा आणि कोणता सोडायचा, हे पुस्तकात नसते. पक्षकाराचा धंदा समजून घेतला तरच ते कळते.

कोर्टात जावे लागते का?

लागते, आणि गेलेले बरे. व्यावसायिक लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपूनही जागा सोडली नाही, तर घरगुती जागेसाठी असलेला सक्षम प्राधिकाऱ्याकडचा झटपट मार्ग इथे मिळत नाही. मुंबई-पुण्यात लघुवाद न्यायालयात दावा करावा लागतो. केवळ व्यापारासाठी वापरल्या जाणाऱ्या स्थावर मालमत्तेच्या करारांचे तीन लाख रुपये आणि त्यापुढील वाद व्यावसायिक न्यायालय कायदा २०१५ च्या कक्षेत येऊ शकतात. मात्र मालमत्ता प्रत्यक्ष व्यापारासाठी वापरात असली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये अंबालाल साराभाई प्रकरणात म्हटले. तातडीचा मनाई हुकूम नको असेल तर दाव्यापूर्वी मध्यस्थी बंधनकारक आहे आणि २०२२ च्या निकालाने त्यात सूट नसल्याचे स्पष्ट केले.

मसुदा लिहिणाऱ्याने एकदा तरी स्वतःच्या मसुद्यावर उलटतपासणी होताना पाहावी, असे या क्षेत्रात मानले जाते. अपुऱ्या मुद्रांकाचा दस्त पुराव्यात येत नाही. नोंदणी न झालेल्या पाच वर्षांच्या भाडेपट्ट्यातून फार तर महिनेवारी भाडेकरूपण सिद्ध होते. हे धडे कोर्टात पाहिले की लक्षात राहतात.

चूक झाली तर जबाबदार कोण?

अहवालाखाली ज्याची सही, त्याचे नाव आधी पुढे येते. बँकेच्या पॅनेलवरील वकिलाने दिलेला टायटल अहवाल चुकीचा निघाला, एवढ्यावरून त्याच्यावर फसवणुकीचा गुन्हा चालवता येत नाही. कटात त्याचा सक्रिय सहभाग दिसला पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये के. नारायण राव प्रकरणात सांगितले. १४ मे २०२४ च्या निकालानुसार वकिलांच्या सेवेविरुद्ध ग्राहक मंचात तक्रारही करता येत नाही. पण निष्काळजीपणासाठी दिवाणी दावा आणि बार कौन्सिलकडे गैरवर्तनाची तक्रार हे मार्ग खुले आहेत. बँकेने पॅनेलवरून काढले तर वर्षानुवर्षांचे काम एका दिवसात जाते.

म्हणून मूळ कागद न पाहता, फक्त छायाप्रतींवर 'टायटल स्वच्छ आणि विक्रीयोग्य' असे लिहून देण्याचा आग्रह झाला की ज्युनियरने नाही म्हणायला शिकले पाहिजे. संध्याकाळपर्यंत अहवाल हवा म्हणून बिल्डर, दलाल आणि कधीकधी बँकेची शाखाही घाई करते. अशा वेळी सीनियर ज्युनियरच्या पाठीशी उभा राहतो की 'करून टाक' म्हणतो, यावरून फर्मची पारख होते.

काम येते कुठून?

वकिलांना जाहिरात करण्यास नियम ३६ नुसार मनाई आहे. त्यामुळे छोट्या फर्मचे काम ओळखीतून येते. सनदी लेखापाल, वास्तुविशारद, बँकेचे शाखाधिकारी, जागेचे दलाल आणि जुने पक्षकार हे तिचे स्रोत. इथे एक मोह असतो. दलालाने काम आणले म्हणून त्याला शुल्कातील वाटा द्यायचा. बार कौन्सिलचे नियम वकील नसलेल्या व्यक्तीबरोबर शुल्क वाटून घेण्यास मनाई करतात. आणि दलालाचे हित व्यवहार होण्यात असते, तर वकिलाचे काम गरज पडल्यास व्यवहार थांबवण्याचे. एकाच वकिलाने मालक आणि भाडेकरू दोघांचा करार करून देण्याची सवयही अशीच धोक्याची, कारण वाद झाल्यावर त्याला कोणाच्याच बाजूने उभे राहता येत नाही.

ज्युनियरच्या दृष्टीने याचा अर्थ असा की आज ज्या छोट्या दुकानदाराचा फोन तो उचलतो, तोच उद्या त्याचा स्वतःचा पक्षकार होऊ शकतो. व्यवहार कुठपर्यंत आला, हे न विचारता कळवणे ही साधी सवय इथे पदवीइतकी उपयोगी पडते.

पुढे वाटा कोणत्या?

तीन ते पाच वर्षांनंतर रस्ते फुटतात. काही जण बिल्डर, बँक किंवा रिटेल कंपनीच्या कायदा विभागात जातात. पगार स्थिर मिळतो, पण सनद स्थगित करावी लागते. काही जण मुंबईत बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटीची सॉलिसिटर परीक्षा देतात. त्यासाठी आर्टिकलशिप लागते आणि मालमत्तेच्या व्यवहारांत या बिरुदाला आजही वजन आहे. कोणी महारेरा आणि पुनर्विकासाच्या कामात उतरतो. नोटरी होण्यासाठी सर्वसाधारणपणे दहा वर्षांची वकिली लागते. महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि इतर मागासवर्गीयांसाठी ही अट सात वर्षांची आहे.

न्यायाधीश होण्याची इच्छा असणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. दिवाणी न्यायाधीश (कनिष्ठ स्तर) पदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये पुन्हा आणली. तिचा दाखला लागतो. केवळ टेबलावर बसून मसुदे केले आणि न्यायालयात पाऊलच ठेवले नाही, तर असा दाखला मिळवणे अवघड जाऊ शकते.

जे फर्ममध्येच राहतात, त्यांच्यापुढे भागीदारीचा प्रश्न येतो. अनेक छोट्या फर्म एका संस्थापकाच्या नावावर चालतात आणि पुढची पिढी घरातलीच असते. दहा वर्षे काम करून 'आपली माणसे' म्हणवून घेतलेल्या असोसिएटला नफ्यात वाटा मिळेलच असे नाही. याउलट मुले दुसऱ्या क्षेत्रात गेल्याने वारस शोधणारे सीनियरही आहेत. त्यांच्याकडे तयार पक्षकार, जुन्या फायली आणि शहरातील मालमत्तांचा चालताबोलता इतिहास असतो. ही चर्चा संकोचाने टाळण्यापेक्षा चौथ्या-पाचव्या वर्षी मोकळेपणाने करणे दोघांच्याही हिताचे.

फर्म निवडताना काय विचारावे?

• दरमहा रक्कम किती, ती कोणत्या तारखेला मिळते आणि दरवर्षी तिचा आढावा घेतला जातो का? हे लेखी मिळेल का?

• सर्च, मसुदा, नोंदणी आणि न्यायालय या चारही कामांचा अनुभव मिळेल का, की दोन वर्षे फक्त निबंधक कार्यालयाच्या फेऱ्या?

• अहवालावर कोण सही करते? ज्युनियरचा मसुदा सीनियर तपासून दुरुस्त्या समजावून देतो का?

• स्वतःचा एखादा पक्षकार घेण्याची मुभा आहे का?

• महिला असोसिएटना साइट पाहणी, उशिरापर्यंतचे काम आणि प्रसूतीकाळ यांबाबत काय व्यवस्था आहे?

• याआधी इथून गेलेले ज्युनियर आज काय करतात? या प्रश्नाचे उत्तर त्या ज्युनियरकडूनच घ्यावे.

थोडक्यात, हा रस्ता झटपट पैशाचा नाही. पहिली काही वर्षे रक्कम कमी आणि संरक्षण त्याहून कमी असते. पण ज्याला सात-बाराच्या 'इतर हक्क' रकान्यातली एक ओळ आणि कराराच्या मुदतीतला एक आकडा वाचता येतो, त्याच्यावाचून शहरातला एकही मोठा गाळा हात बदलू शकत नाही. जागांचे व्यवहार होत राहतील तोवर त्या नजरेला काम आहे. ती घडवणारा सीनियर आणि ती घडेपर्यंत टिकून राहण्यापुरते मानधन, या दोन गोष्टी जिथे मिळतील ती फर्म निवडावी, मग बोर्ड कितीही लहान असो.